स्वार आला नव्हता

शहराच्या लष्कर नावाच्या भागात आमची गल्ली स्वर्णरेखा नदीच्या अगदी काठाला होती. संस्थानाच्या काळात नदीला मोठा पूर आला, तेव्हा दरबारचा घोडेस्वार ओरडत गल्लीतून गेला आणि सगळे कंपू मोहल्ल्याकडच्या चढावर पळाले. घरं गेली, माणसं वाचली. तेव्हापासून गल्लीनं मनाशी पक्कं केलं होतं, स्वार आला तर पूर, नाही तर नुसता पाऊस.

पुढे संस्थान विलीन झालं, फौज मोडली. माझे वडील त्याच फौजेतले. गणवेश पेटीत घालून ते कचेरीत कारकुनी करू लागले. दरबारच राहिला नाही तर स्वार येणार कुठून, एवढा साधा विचार आमच्या गल्लीतल्या एकाही शहाण्याला शिवला नाही. आई मात्र पाऊस लागला की पुलावर जाऊन पाणी बघून यायची. बायका तिची थट्टा करायच्या.

एका श्रावणात झड थांबेचना. दुपारी आई पुलावरून आली ती तशीच दारोदार फिरली. समोरच्या काकू भजी तळत होत्या.

“स्वार कुठे आला अजून? तुम्ही तर फालतूच परेशान होता, वहिनी,” त्या म्हणाल्या. बाकीच्यांचंही तेच.

आई घरी आली आणि वडिलांना म्हणाली, “अहो, गणवेश घाला आणि निघा.”

“आता कसला गणवेश? लोक हसतील मला.”

“हसू द्या. हसायला जिवंत तर राहतील.”

वडिलांनी साफा बांधला. कोटाची बटणं पोटावर लागेनात. घोडा नव्हता, म्हणून सायकल काढली आणि “पानी आ रहा है, ऊपर चलो” असं ओरडत ते गल्लीभर फिरले. कोणी हसलं नाही. भजी कढईतच टाकून काकू निघाल्या. अंधार पडायच्या आत गल्लीत गळ्याइतकं पाणी होतं.

चढावरच्या देवळात काकूंनी हात जोडले. “दरबारला अजून आपली फिकर आहे हो.”

वडील संकोचून खाली बघत राहिले. आई म्हणाली, “दरबार नव्हे काकू, हे होते. पुढच्या वेळी मी नुसती हाक मारीन. उठाल का?”

काकूंनी ओला पदर पिळायला घेतला. मला मात्र आईचा फार अभिमान वाटला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं. आई पुलावरून भिजून आली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तिनं हाक मारण्याआधीच काकू गाठोडं घेऊन दाराला कुलूप लावत होत्या.