आतोबांची थंडी

थंडीविषयी अधिकारवाणीने बोलू शकेल असा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच आहे, आणि वयाची सहासष्ट वर्षं उलटेपर्यंत त्याने थंडी पाहिलेलीसुद्धा नव्हती. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. आचऱ्याच्या तिठ्यावर त्यांनी चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलं. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे पंखा एक नंबरावर आणावा लागतो, त्यालाच लोक थंडी म्हणतात. त्या दिवसांत आतोबा कानाला मफलर गुंडाळून मशीनवर बसत आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "यंदा गारठो जरा जास्तीच आसा." हा माणूस पुढे उणे बारा अंशांत बर्फाच्या जंगलात जाऊन बसेल, आणि तेही हरणाच्या शिकारीला, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या टाळूवर खोबरेल तेल थापलं असतं.

आतोबांना माणसं आधी दिसत नाहीत, कापड दिसतं. समोरच्याशी बोलता बोलता त्यांची चिमूट त्याच्या बाहीवर कधी गेली हे त्यांनाही कळत नाही. लग्नात आशीर्वाद द्यायला मंचावर चढले की अक्षता डाव्या हातात तशाच राहतात आणि उजवा हात नवरदेवाच्या शेरवानीचं अस्तर चाचपत असतो. एकदा गावच्या वाचनालयाने त्यांचा सत्कार केला. पाहुण्यांनी खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या, आतोबांनी शाल काढून उलटी केली, उजेडात धरली आणि माईकवरून सांगितलं, "बरी आसा, पण काठ कच्चो आसा." पाहुणे म्हणजे त्याच शालींचे दुकानदार होते. आत्या दोन महिने त्या रस्त्याने बाजारात गेली नाही.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र सहा वर्षं मुका होता, आणि ती बाब म्हणजे त्यांचा जावई. माझी आतेबहीण कॅनडात शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली आणि तिकडच्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. कळवलं ते लग्न झाल्यावर. आतोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बरां झालां," आणि कुणाच्या तरी परकराला नेफा घालत बसले. पण त्यानंतर लेकीचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर मागून जावयाचा चेहरा डोकावला की आतोबांना हटकून परसातल्या माडाला पाणी घालायचं आठवायचं. भर पावसातसुद्धा.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात लेकीने निरोप दिला. जावई दरवर्षी नोव्हेंबरात आठवडाभर हरणाच्या शिकारीला जातो. तिकडे रीतसर परवाना मिळतो. एरवी तो एकटा जातो, बापालाही नेत नाही. या वर्षी त्याने विचारलं होतं, तुझे बाबा येतील का माझ्याबरोबर? फोन मीच धरला होता, कारण मी मालवणच्या शाळेत शिकवते आणि घरातली सगळी यंत्रं मलाच कळतात असा आतोबांचा समज आहे. त्यांनी हातातला दोरा दातांनी तोडला. मग म्हणाले, "बंदूक माका नको. मी नुसतो वांगडा चलतलंय. पण थंय घालूचां काय, तां आधी ठरवूक होयां."

आणि मग सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. लेकीने एक जाड, फुगलेलं जाकीट पाठवलं. आतोबांनी ते अंगावर चढवून पाहिलं, आरशासमोर वळून पाहिलं, मग खाली बसले आणि कात्रीने त्याचं पोट फाडलं. माजघरात इतकी पिसं उडाली की आत्याला वाटलं मांजराने कोंबडी पकडली. "पोट फाडल्याबिगर कपड्याचो स्वभाव कळना नाय," असं सांगत त्यांनी मूठभर पिसं तांब्यात बुडवली, बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मघाची ढगासारखी पिसं आता एक ओली गोळी झाली होती. "बघ. सुक्यात राजा, ओल्यात भिकारी. आणि माणूस चललो की घामान ओलो होतलोच."

इथे खरी मेख होती, आणि ती आतोबांना अवघ्या आठवड्यात उमगली. शिकारी दोन तास डोंगर चढतो आणि मग चार तास दगडासारखा बसतो. चढताना उबेचं ओझं झालं की घाम येतो, आणि बसल्यावर तोच घाम गोठून माणसाचा वैरी होतो. म्हणजे चालताना अंगात घालायची ऊब वेगळी हवी. हलकी, घाम बाहेर सोडणारी, ओली झाली तरी न विझणारी. बसल्यावरची जाड ऊब पाठीवरच्या पिशवीत ठेवायची. मुंबईच्या दुकानांतून कापडाचे नमुने मागवले गेले. प्रत्येक नमुना ओठांशी धरून आतोबा फुंकत. श्वास पलीकडे गेला तर तो चालण्याच्या ढिगात, अडला तर बसण्याच्या. आत्या म्हणायची, "चूल फुकूक कधी हात लावलो नाय, आणि आता कपडे फुकतंत."

मग आला आवाजाचा प्रश्न. लेकीने सांगितलं होतं की कापड कुरकुरलं तर हरीण पळतं. हरीण आचऱ्यात नाही, पण बगळे आहेत. मळ्यात भाताची लावणी चालली होती, आणि बायका वाकून तरवा लावत असताना आतोबा जुलैच्या दमट उकाड्यात लोकरी कपडे घालून बांधावरून बगळ्याच्या दिशेने एक एक पाऊल टाकत. बगळा उडाला की ते तिथेच थांबून पावलं मोजत आणि वहीत लिहीत. लावणीवाल्या एका म्हातारीने शेवटी न राहवून विचारलं, "काय ओ, बगळ्याचा माप घेतास काय?" आतोबा गंभीरपणे म्हणाले, "नाय गो. बगळो माझा माप घेता."

पण सगळ्यावर कळस झाला तो मालवणच्या बर्फ कारखान्यात. माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन आतोबा तिथे गेले. मालक ओळखीचा होता. बेत असा की पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन आधी बाहेरचा चढ पाच वेळा चढायचा आणि मग घामेजल्या अंगाने आत बर्फाच्या लादीवर अर्धा तास बसायचं. मी घड्याळ लावायचं. आत कामगार उघड्या पायांनी, अंगात फक्त बनियन घालून लाद्या ओढत होते. एकाने विचारलं, "तात्यानू, तुमका खंयच्या मासळी मार्केटात धाडूचां आसा?" सगळे हसले. आतोबांचे दात वाजत होते, पण ते त्यालाच म्हणाले, "अरे, तुका थंडी लागना नाय?" तो म्हणाला, "काम करताना खंय लागता? बसलंय की लागता." आतोबांनी वाजणाऱ्या दातांनी मला बजावलं, "लिही गो बाय, लिही. इतके महिने पुस्तकां वाचून मी जां शिकलंय, तां ह्यान एका वाक्यात सांगलां."

ऑक्टोबरात त्यांनी स्वतःच्या हाताने दोन जाकिटं शिवली. आतून उभ्या-आडव्या रेषांचं जाळीदार मऊ कापड, छातीवर पातळ उबेचा थर, काखेत आणि पाठीवर नुसती जाळी, वजन सुक्या टॉवेलाएवढं. एक त्यांचं होतं. दुसरं फार मोठं होतं. जावयाचा दाराजवळ उभा असलेला एक फोटो त्यांनी माझ्याकडून मोठा छापून घेतला होता आणि दाराच्या उंचीवरून माप काढलं होतं. मी म्हटलं, "आतोबा, लेकीक विचारलंत तर ती माप धाडतली." ते सुई ओवता ओवता म्हणाले, "माप विचारल्यार तेका कळतलां."

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते आतेबहिणीकडून आणि तुकड्यातुकड्याने आतोबांकडून ऐकलं. जावयाने जाकीट दोन्ही हातांनी घेतलं, आभार मानले, आणि शिकारीला निघताना आपलं नेहमीचं पिसांचंच चढवलं. आतोबांचं जाकीट नीट घडी करून पिशवीत ठेवलं. "नवीन आसा म्हणान जपल्यान आसतलो," असं आतोबा मला म्हणाले. तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते.

पहिले तीन दिवस दोघे नुसते चालले आणि नुसते बसले. एकाला इंग्रजीचे दहा शब्द येत, दुसऱ्याला मालवणीचा एकही नाही. चौथ्या दिवशी दुपारी ओढा ओलांडताना बर्फाचा पापुद्रा फुटला आणि तो सहा फुटी माणूस छातीपर्यंत पाण्यात गेला. कसाबसा काठावर आला, पण दोन मिनिटांत त्याचे ओठ निळे पडले, आणि बोटांना चेनसुद्धा उघडता येईना. गाडी दीड तासाच्या वाटेवर होती. ज्या माणसाशी आतोबा सहा वर्षं बोलले नव्हते, त्याला त्यांनी त्या बर्फात उभं करून लहान मुलासारखं उघडं केलं. पिसांचं जाकीट ओल्या गोणीसारखं झालं होतं, ते फेकलं. स्वतःच्या मफलरने त्याचं अंग पुसलं, त्याच्या पाठीवरची पिशवी उघडली. पिशवी आतून प्लॅस्टिकची होती, म्हणून घडी कोरडी राहिली होती. ते जाकीट त्याला घातलं, वरून बसण्यासाठी आणलेली आपली जाड बंडी चढवली, विजार पिळून पुन्हा घातली आणि त्याला पुढे ढकललं.

"वॉक," आतोबा म्हणाले. तो दहा पावलांवर बसायला लागला. "बसा नको! चल! वॉक, रे, वॉक!" दीड तासाची वाट त्या दिवशी अडीच तासांची झाली. तो थांबला की हे ओरडत, तो अडखळला की हे खांदा देत. आणि इंग्रजीचे दहाही शब्द संपल्यावर आतोबांनी मालवणीत जे काही त्याला ऐकवलं, ते त्यांनी मला सांगायचं नाकारलं. "जावयाक असां बोलूचां नसता," एवढंच म्हणाले. अर्ध्या वाटेवर त्याच्या अंगाला थोडी धग आली. गाडीपाशी पोचल्यावर तो रडला. आतोबांनी त्याच्या खांद्यावरची शिवण चाचपली आणि म्हणाले, "फिटिंग बरां बसलां."

ते परत आल्यावर तिठ्यावर महिनाभर दरबार भरत होता. बर्फाचा रंग, ओढ्याची खोली, घामाचं शास्त्र. आता तोंडवलीला समुद्रावर फिरायला येणाऱ्या पर्यटकांनाही ते अडवून विचारतात, "पुढे हिमालयात जातलास तर आत काय घालतलास?" आणि उत्तर चुकलं तर तिथेच वाळूत बसवून तीन थरांची शिकवणी घेतात. पण हरीण मिळालं का, असं कुणी विचारलं की आतोबा सांगतात, "दिसलांच नाय." लोक हळहळतात. एवढे कष्ट, एवढी तयारी, आणि हात हलवत परत.

यंदा त्यांना जाता येणार नाही. छातीत दुखलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी थंडीत जायला साफ मनाई केली. ते ऐकून आल्यावर आम्ही दोघं आचऱ्याच्या खाडीवर धक्क्यावर बसलो होतो. संध्याकाळ होती, होड्या आत येत होत्या. एक होडी धक्क्याला लागली तेव्हा ते म्हणाले, "बाय, कोणाक सांगा नको. हरण दिसलां होतां."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"अखेरच्या दिवशी. तो बरो झाल्यार परत गेलंव होतंव. झाडाक टेकून बसलंव होतंव दोघे. तीस पावलांर येऊन उभां रवलां. हीऽ मोठी शिंगां. तेच्या नाकातली वाफ दिसा होती."

"मग जावयाक कित्याक सांगूक नाय?"

आतोबांनी पाण्याकडे बघत एक खांदा किंचित उचलला, जणू त्यावर अजून काही ठेवलेलं होतं आणि ते सांडेल अशी त्यांना भीती होती.

"तो माझ्या खांद्यार मान टाकून निजलो होतो गो," ते म्हणाले. "मी हललंय आसतंय, तर जागो झालो आसतो."