भिमाजीने मोजलेले बार

ओझरच्या अलीकडची आमची दगडखाण शहाण्णव साली बंद झाली. शेवटचे सुरुंग भिमाजीनेच लावले. वात पेटवून लांब पळायचं आणि उडालेले बार मोजायचे, ही सुरुंगवाल्याची रीत. भोकं भरली होती अकरा, त्याने मोजले दहा. दोन एकदम उडाले असतील, अशी मनाची समजूत घालून तो मालकाला "अकरा" म्हणाला आणि घरी गेला.

ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही. मग दोन हजार सात साली त्या पडीक खाणीवर सौर वीजकेंद्र उभारायला सरकारी अनुदान मंजूर झालं. भारनियमनाने गाव बारा-बारा तास अंधारात असायचं, त्यामुळे आम्ही लगेच पेढे वाटून मोकळे झालो. काम मार्चअखेर पुरं करायचं होतं, नाहीतर पैसे परत. खाणीत जिवंत सुरुंग नाही, अशा कागदावर जुन्या कामगाराची सही सरकारी साहेबांना हवी होती. सगळ्यांनी भिमाजीला पुढे केलं. चारचौघांत त्याची जीभ उचलेना. त्याने सही केली.

खांबांची भोकं पाडायला मशीन आलं. चालवायला त्याचाच जावई, वाल्मीक. भिमाजी रोज मशीनशेजारी जाऊन उभा राहू लागला. सासऱ्याला जावयाचं कोण कौतुक, असं आम्ही म्हणायचो. आमची अक्कल तेवढीच. प्रत्येक भोकाला तो घामाने भिजायचा, हे कुणी पाहिलंच नाही.

पाचव्या दिवशी मशीन, शेवटचे सुरुंग लावले होते त्या जुन्या कड्याखाली सरकलं. भिमाजी पुढे गेला आणि आखलेल्या खुणेवरच बसला.

"मामा, उठा. साहेब बघत्यात," वाल्मीक म्हणाला.

"माझी सही खोटी हाय. इथं एक सुरुंग ऱ्हायलाय, न उडालेला."

वाल्मीकने मशीन बंद केलं. "तुमाला पयल्यापासून ठावं व्हतं?"



तज्ज्ञांनी तीन आठवडे कडा तपासला, काही सापडलं नाही. मार्च उलटला, अनुदान परत गेलं. गावाने भिमाजीला वाट्टेल ते सुनावलं. त्यात मीही होतो, आणि त्याची मला लाज वाटते.

आता त्याची लेक छाया सणाला एकटीच येते. वाल्मीक तिला वेशीवर सोडून मोटारसायकल वळवतो. सुरुंगाचं तो हसण्यावारी नेतो. पण चार दिवस सगळं ठाऊक असून जो माणूस शेजारी गप्प उभा होता, त्या माणसाच्या घरात जेवायला बसायची त्याला अजून भीती वाटते.