तांबरमच्या कावळ्यांवर आळ

मी आयुष्यात एकदाच सलग एकवीस दिवस व्यायाम केला आणि त्यात माझं वजन अडीच किलोंनी वाढलं.

हे सांगितलं की लोक समजूत घालतात, "अगं, स्नायू झाले असतील." नाही. स्नायू नव्हते. ते वडाम होते. वडाम म्हणजे आपल्या कुरडया-सांडग्यांचे तमिळ भाऊबंद. तांदळाचं पीठ शिजवायचं, त्यात जिरं, मिरची, लिंबू घालायचं, जुन्या धोतरावर पळीपळीने घालून गच्चीत वाळवायचं. पण तिथे यायच्या आधी डॉक्टरांकडे जायला हवं, कारण सुरुवात त्यांच्या वजनकाट्याने केली.

मी तेव्हा चेन्नईत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवर राहायचे. मेसचं जेवण न आवडल्यामुळे मुलींच्या तब्येती खालावतात म्हणे. मला ते आवडायचं! मे महिन्याच्या सुट्टीत चेन्नईबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ट्रेनिंग मिळालं. तिथेच पुढे चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा होता. फक्त कारखान्याच्या डॉक्टरांची सही बाकी होती. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, मग माझा दंड आवळून बीपी बघितलं आणि चष्मा काढला.

"एकाहत्तर किलो. उंची पाच फूट एक. आणि या वयात बीपी काठावर! तीन आठवड्यांनी या, गुरुवारी, दुपारी एकच्या आत. चार किलो उतरवून या, मग सही करतो."

"आणि नाही उतरले तर, सर?"

"तर वेटिंग लिस्टवरचा मुलगा येईल."

वेटिंग लिस्टवरचा मुलगा म्हणजे आमच्याच वर्गातला कार्तिक. तो सज्जन होता, पण माणूसच होता. त्या दिवसापासून त्याचा रोज संध्याकाळी फोन येऊ लागला, "मंजू, जेवलीस ना नीट?" एकदा तर आईने केला म्हणून डबाभर मैसूरपाक देऊन गेला. (मी तो खाल्ला नाही. म्हणजे सगळा नाही.)

सुट्टीत हॉस्टेल बंद, म्हणून मी तांबरमला सुशीआत्याकडे राहायला गेले. आत्या मूळची आमच्या वाईची, पण लग्न होऊन तंजावरी मराठी घरात पडली, त्यालाही पंचवीस वर्षं झाली होती. तिचे यजमान गोपाळराव काका निवृत्त गणितशिक्षक. त्यांच्या घराण्याने काही शतकांपूर्वी मराठी सोबत आणली ती तश्शीच जपून ठेवली होती, वर तमिळची फोडणी दिली होती. मी पहिल्याच दिवशी दोघांपुढे जाहीर केलं, "आत्या, मी डाएटवर आहे. सकाळ-संध्याकाळ चालणार आणि मोजकं खाणार."

"सरि, सरि," म्हणजे बरं, बरं, आत्या म्हणाली. "तू खाऊच नकोस. फक्त चव बघ."

आत्याच्या घरी चव बघायचं माप म्हणजे ताटभर!

चालायला मी पहाटे रस्त्यावर उतरले. पहिल्या वळणावर सात कुत्र्यांनी मला हेरलं. चालण्याचं पळण्यात रूपांतर झालं, डॉक्टरांना अभिप्रेत असलेल्या वेगापेक्षा किती तरी जास्त, आणि मी परत येऊन जिन्यातच बसले. काका पेपर वाचत होते.

"अगे मंजू, गच्ची असतां रस्त्यावर कशाला मरतेस?" ते म्हणाले.

इमारत तीनमजली आणि गच्ची चांगली ऐसपैस होती. मी आत्याला सांगितलं, तशी तिचा चेहरा उजळला. "वर जाणारच आहेस ना? मग ही काठी घेऊन जा. मी आज वडाम घातलेत. कावळे हाकल."

आता यात एक मेख होती. रोज सकाळी आत्या त्याच गच्चीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी भाताची मूद ठेवायची आणि "का, का" करून त्यांना अगत्याने बोलवायची. घरातले पितर कावळ्याच्या रूपाने येतात, त्यांनी खाल्ल्याशिवाय आपण खायचं नाही, हा तिकडचा रोजचा नेम. आणि दहा वाजले की त्याच कावळ्यांवर मला सोडायची!

"अगं, पण हे पितर ना?" मी विचारलं.

"सकाळचे पितर. दहानंतर कावळे," आत्या म्हणाली.

पहिला दिवस झकास गेला. गच्चीला तीस फेऱ्या, मधेच काठी घेऊन धाव, घामाच्या धारा. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या राजीमामी धोतर घेऊन वर आल्या. "मुलगी चालतेच आहे, तर आमच्यावरही लक्ष ठेवील." चौथ्या दिवशी सहा घरांची वाळवणं होती आणि मला चालायला पाण्याच्या टाकीजवळ चार फरश्या उरल्या होत्या. चार फरश्यांवर माणूस चालत नाही, बसतो. मी टाकीच्या सावलीत बसले. हाताशी वडाम होते.

अर्धवट वाळलेला वडाम ज्याने खाल्ला नाही त्याला माझा अपराध कळणार नाही. वरून कुरकुरीत, आतून मऊ, मिरची-लिंबाचा ठसका! मी कडेचा एक उचलला. रांग वाकडी दिसायला लागली, म्हणून शेजारचा उचलला. मग सरळ दिसावी म्हणून ती अख्खी रांगच संपवली. (व्यवस्थितपणा हा माझा लहानपणापासूनचा गुण आहे.) शिवाय राखणदाराचा मान म्हणून प्रत्येक घरून काही ना काही वर यायचं. ताक, पायसम, लोणी-गुळासकट अडई म्हणजे डाळींचे जाडजूड डोसे. "कोंजम, कोंजम" म्हणत, म्हणजे थोडंसंच, आणि नाही म्हटलं तर मामींचे डोळे भरून यायचे.

संध्याकाळी आत्या धोतर उचलायला आली. "मंजे, वडाम कमी कसे गं?"

"कावळे फार माजलेत, आत्या," मी म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि मला फार हलकं वाटलं. कावळा काही बोलून खंडन करत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. तिसऱ्या दिवशी तर आत्याच्या धोतराच्या दोन रांगा साफ! काकांनी पाहणी केली. "कावळे इतक्या शिस्तीनें खात नाहींत," ते भुवई चढवून म्हणाले. मी ओठाला चिकटलेलं जिरं हळूच पुसलं. पण गणिताच्या माणसाला उत्तरापेक्षा पद्धत प्यारी. त्यांनी ठरवलं, मेलेला कावळा टांगलेला दिसला की बाकीचे फिरकत नाहीत, म्हणून काळ्या कापडाचा कावळा करायचा. माझी एकुलती एक काळी ट्रॅकपँट दोरीवर वाळत होती. संध्याकाळी मी बघते तर तिचा उजवा पाय काठीला उलटा लटकलेला आणि त्याला खडूचे दोन डोळे!

"काका! माझी व्यायामाची पँट!"

"तूं व्यायाम कोठें करतेस?" काकांनी शांतपणे विचारलं.

तिसरा आठवडा उजाडला. घरातल्या काट्यावर चढायचं धाडस मला होत नव्हतं. सलवारच्या नाडीने मात्र निकाल आधीच सांगितला होता. आणि मग बुधवारी रात्रीच्या जेवणाला आत्या एकदम रडायला लागली.

"मला कळलं कोण येतंय ते," ती म्हणाली. "मामंजी येतायत."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. दोन वर्षांपूर्वी गेले. "शेजारपाजारचे वडाम एखाद-दोन जातात, आणि आपल्या धोतरावरचे जिऱ्या-मिरचीचेच रांगच्या रांग जातात. मामंजींचे आवडते! शेवटचं वर्षभर मी त्यांना एक वडाम दिला नाही गं. डॉक्टरांनी बीपीपायी मीठ बंद केलं होतं. ते ताटाकडे बघायचे आणि मी ताट उचलून न्यायचे. तसेच उपाशी गेले."

मला ताट पुढे लोटावंसं वाटलं. खरंच वाईट वाटलं मला. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तोंडात घास होता. तोवर काकाही डोळे पुसू लागले आणि ठरूनही गेलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. मामंजींच्या नावाने साग्रसंगीत पान वाढायचं, पानात वडामांचा ढीग ठेवायचा, कावळा शिवला की सगळ्यांनी जेवायचं. तोवर कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवार, दुपारी एकच्या आत!

सकाळी कार्तिक मोटारसायकल घेऊन हजर झाला. मला सोडतो म्हणाला. (मी खरंच नापास होते की नाही हे त्याला डोळ्यांनी बघायचं असावं.) आत्याने त्यालाही गच्चीत नेऊन उभा केला. "अमावास्येला दारात आलेला उपाशी जात नाही." स्वयंपाक होऊन पान वर यायला साडेदहा झाले. कठड्यावर केळीचं पान, त्यावर भात, तूप, वरण, आंबटभाजी आणि तळलेल्या वडामांचा डोंगर. टाकीवर, खांबांवर, शेजारच्या अँटेनांवर कावळेच कावळे. एकही खाली येईना.

का येतील? दहानंतर गच्चीत आलं की ही बाई काठी घेऊन अंगावर येते, हे त्यांना मी तीन आठवडे खपून शिकवलं होतं.

"काठी टाक गं!" आत्या ओरडली. मी टाकली. कावळ्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि विश्वास ठेवला नाही.

"ही दिसते तंवर कावळा येणार नाहीं," काका म्हणाले. मी टाकीमागे लपले. कावळे उडून टाकीच्या या बाजूला आले आणि वरून मला बघू लागले.

अकरा वाजले. मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं, गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून वचन द्यायचं. आत्या हात जोडून म्हणाली, "मामंजी, रोज दोन वडाम ठेवीन." कावळा हलेना. काका म्हणाले, "अप्पा, तुमचा रेडिओ दुरुस्त करवितों." हलेना. राजीमामींनी तिरुपतीला जायचं कबूल केलं. शेवटी कार्तिकनेही भुकेने व्याकूळ होऊन काहीतरी तमिळमध्ये कबूल केलं. सव्वाअकरा. साडेअकरा. आत्या कठड्याला धरून रडत होती, "अजून रागावलेत हो माझ्यावर!"

मला एकीकडे डॉक्टरांचं घड्याळ दिसत होतं आणि दुसरीकडे आत्या. घड्याळ मी कदाचित सहन केलं असतं. मी टाकीमागून बाहेर आले आणि आभाळाकडे बघून ओरडले,

"आजोबा, वडाम मी खाल्ले! सगळे मीच खाल्ले! आत्यावर रागावू नका, कावळ्यांवरही रागावू नका!"

कठड्यावर टपकन कावळा उतरला.

भाताकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. ढिगातला सगळ्यात मोठा वडाम उचलला, माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि उडाला. काकांनी हळूच माझ्या ट्रॅकपँटच्या कावळ्याकडे पाहिलं. राजीमामींनी दोन्ही हात गालांवर मारून घेतले. आत्या माझ्याकडे चालत आली. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"अय्यो, मंजे," ती म्हणाली, "इतकी भूक लागायची तर सांगायचंस ना गं! तळून दिले असते."

आणि तिने मला पानावर बसवलं. नाही म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं. ती वाढत गेली, मी गिळत गेले. मामंजींना द्यायचे राहिलेले सगळे वडाम बहुधा त्या दिवशी माझ्या पानात पडले.

कार्तिकने मोटारसायकल अशी मारली की आम्ही एकला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. काट्याचा काटा साडेत्र्याहत्तरवर जाऊन थांबला. बीपी काठ ओलांडून पलीकडे गेलं होतं.

"मीठ फार खाता का?" त्यांनी विचारलं. मी कबूल केलं. त्या दिवशी मला कबुलीची सवय लागली होती.

ट्रेनिंग कार्तिकला मिळालं. माझ्या हातचा प्रोजेक्ट गेला, आणि पुढच्या वर्षी मला हाताशी होतं त्यातूनच प्रोजेक्ट उभा करावा लागला. जुन्या गाडीच्या वायपरची मोटर, तिला बांधलेलं आत्याचं पोचे आलेलं ताट आणि ट्रॅकपँटचा उरलेला डावा पाय. नाव ठेवलं, 'गच्चीवरील वाळवणाचे पक्ष्यांपासून स्वयंचलित संरक्षण'. चाचणी अर्थातच तांबरमच्या गच्चीत, महिनाभर, माझ्या देखरेखीखाली. यंत्र इतकं वाजायचं की कावळे पार पुढच्या स्टेशनपर्यंत पळाले असतील.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझा तक्ता बराच वेळ वाचला.

"कावळे किती आले?"

"एकही नाही, सर."

"मग रोज एक रांग वडाम कमी कसे भरतायत? यंत्रात दोष आहे."

मी मान खाली घातली. खाली पोट दिसलं.

"यंत्रात नाही, सर," मी म्हणाले. "दोष ऑपरेटरमध्ये आहे."