मागचा सरळ बसणा नाय

ही गोष्ट खरं म्हणजे मी धामापूरच्या तळ्यात सोडून देणार होते. पण आता तुम्ही चहा पुढे ठेवून विचारतच आहात, तर सांगते. फजिती माझी आहे, तेव्हा हसायला हरकत नाही.

लग्न होऊन मी देवगडहून मालवणात आले त्याला सहा महिने झाले होते. आमच्या ह्यांचा जाळ्यांच्या सुताचा धंदा. तोंडवलीपर्यंत किनाऱ्याने सूत पोचवायला घरात एक जुनी फटफटी होती. तिचा डॉक्टर बाबल मेस्त्री. लाँचींची इंजिनं, फटफटी आणि लग्नं जुळवणं, ही तिन्ही कामं तो एकाच हाताने करी. माझं स्थळही त्यानेच आणलेलं.

मी बोलायची कमी. त्यामुळे सगळा जीव कानांत. घोटाळा तिथेच झाला.

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. खिडकीपलीकडे अंगणात हे आणि मेस्त्री बोलत होते. दिसत नव्हते, ऐकू मात्र स्वच्छ येत होते.

"मागचा एकाच बाजून झिजत चल्ला," मेस्त्री म्हणाला. "ता सरळ बसणाच नाय."

"पयल्या दिसापासून तसाच," हे म्हणाले. "तुझ्याच सांगण्यान देवगडसून हाडला मां?"

तुम्ही घाटावरचे असाल तर एक सांगायला हवं. आमच्या मालवणीत घरातल्या नव्या सुनेला 'ती' म्हणत नाहीत, 'ता' म्हणतात. ता इला, ता जेवला, ता न्हिदला. आता देवगडहून आणलेलं त्या घरात दुसरं कोण होतं? आणि फटफटीवर मागे बसणारं? तेही पहिल्या दिवसापासून दोन्ही पाय एका बाजूला सोडून?

माझा खवणीवरचा हात थांबला.

"हवा जास्त भरली काय तेच्यात?" ह्यांनी विचारलं.

"नाय रे. हवेचो काय दोष नाय. हवा एकदम बरोबर."

चला, माहेरचा ताठा नाही एवढं तरी मेस्त्रीने कबूल केलं.

"मगे करूचा काय?"

"शुक्रवारी सांजचो येतंय. सरळ बसता काय बघूया. नायच जमला तर देवगडाक परत धाड. दुसरा बघूया."

दुसरा! आणि यावर हे काय म्हणाले असतील? "बरा," म्हणाले. सुताचं बंडल परत करावं तसं.

हातात दोन दिवस होते. मी सरळ बसायला लागले. जेवताना सरळ, तांदूळ निवडताना सरळ, देवापुढे वात लावतानाही सरळ. गुरुवारी सासूबाईंनी विचारलं, "पाठ धरली काय गो?" आणि उत्तराची वाट न बघता खोबरेल कोमट करून चोळायला बसल्या. परत जाणाऱ्या माणसावर एवढी माया कशाला, या विचाराने माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं तेल जास्त तापलं.

शुक्रवारी दुपारी भगवतीची ओटी भरायला धामापूरला जायचं होतं. मी सासूबाईंचं नऊवारी लुगडं मागून घेतलं. सून मार्गाला लागली म्हणून त्या हरखल्या. मी कासोटा घट्ट मारला आणि फटफटीवर टांग टाकून बसले. पुरुषासारखी.

"गो, ह्या काय?" ह्यांनी मान वळवली.

"सरळ बसलंय."

"कित्याक?"

"झिजाक नको म्हणान."

 ह्यांनी माझ्या मांडीवरच्या ओटीच्या नारळाकडे बघितलं आणि फटफटीला किक मारली. बहुधा नवस असावा असं त्यांना वाटलं.

बाजारात मासे विकणाऱ्या बायकांनी हातातले बांगडे खाली ठेवले. एक म्हातारी ह्यांना ओरडून म्हणाली, "रे, ता पोलिसात लागला काय?"

संध्याकाळी परत आलो तेव्हा मेस्त्री अंगणात पाना घेऊन हजर. पायरीवर सासूबाई. मी खाली उतरले आणि सहा महिन्यांचं बोलणं एकदम बोलले. "मेस्त्रीनू, धामापूर जावन येयसर सरळ बसलंय. ह्यांका इचारा. आता माका देवगडाक धाडू नकात."

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मागच्या चाकाकडे बघितलं, आणि तो भुईवरच बसला.

"वयनी," तो म्हणाला, "ता चाक!"

चाक. तेही आमच्याकडे 'ता'च. मी आले त्याच महिन्यात मेस्त्रीने देवगडच्या एका आंबेवाल्याकडून फटफटीला मागचं जुनं चाक आणून बसवलं होतं. हवा जास्त असती तर टायर मध्ये झिजला असता, कमी असती तर दोन्ही कडांना. हा झिजत होता एकाच कडेला, कारण चाकाच्या दोन बाजूंचे साखळी ताणायचे नट सारखे आवळलेले नव्हते आणि चाक तिरकं धावत होतं. मेस्त्रीने डोळे पुसत एक नट दोन आटे फिरवला, दोन्ही चाकांना दोरी लावून बघितली, आणि चाक सरळ बसलं.

"सरळ बसणा नाय म्हणान परत धाडतत," सासूबाई म्हणाल्या, "तर मी ह्या घरात चाळीस वर्सा कशी रवलंय?"

 त्या दिवसापासून हे माझ्याबद्दल बोलताना 'ता' म्हणत नाहीत, नाव घेतात.

बाजारातल्या बायका महिनाभर 'सरळ बसलंस मां गो?' विचारत राहिल्या. त्याचं एवढं काही नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'हवा एकदम बरोबर' हे सासरी माझ्याबद्दल निघालेलं पहिलं कौतुक, असं मी दोन दिवस धरून चालले होते. तेही चाकाचंच निघालं.