नात्याचा रकाना

हरेशला शिव्या घालायला माझी जीभ सारखी वळवळते. पण घालायच्या तर आधी मला स्वतःला घालाव्या लागतील. म्हणून काय झालं ते सरळ सांगते.

पेणला रामवाडीत, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, आमचं देखरेख मंडळ आहे. खाडीचे बांध घालणाऱ्या सरकारी खात्याने दाखवलेलं काम खरंच झालं का, हे लोकांच्या तक्रारीवरून तपासायचं, एवढ्यासाठी ते काढलं. पाटी ही एवढी मोठी. आत काय? अध्यक्ष साहेब, जे त्या बांधाच्या खात्यातूनच रिटायर झाले. दुसरे सदस्य, त्याच खात्याचे आत्ताचे प्रमुख. तिसरी खुर्ची जनतेच्या माणसाची, ती चार वर्षं रिकामी. तिच्यावर बसून मोरू शिपाई डबा खातो. मी वैशाली, टायपिस्ट, अकरा महिन्यांच्या करारावर. आणि सगळ्या तक्रारी तपासणारा कारकून एकटाच, हरेश.

तोही मंडळाचा नव्हता. रोह्याच्या त्याच खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला, म्हणजे उसना दिलेला माणूस. बढती तिथली, आणि दरवर्षीचा गोपनीय अहवाल लिहिणार तिथलाच साहेब. ज्यांच्या चुका काढायच्या त्यांच्याच हातात ह्याची मान! पहिल्या वर्षी ह्याने बांधाखालच्या एका मोरीबद्दल खरं लिहिलं, तर अहवालात शेरा आला, ‘जुळवून घेत नाही’. बढती हुकली. त्यानंतर हरेश फार कमी लिहायला लागला.

सुटकेची वाट एकच होती. मंडळात कायम व्हायचं. एकदा कायम झाला की रोह्याशी संबंध संपला, मग हवं ते लिहा. तसा अर्ज त्याने केलाही होता. पण त्याला ना हरकत पत्र लागतं. कुणाचं? रोह्याच्या साहेबाचं. घ्या!

अशात फेब्रुवारीत एक दिवस गिरजाबाई जिना चढून आली. सत्तरीची असेल. आयुष्य मिठागरात गेलेलं, टाचांना बोट जाईल अशा भेगा. दारातच मला म्हणाली, “गो पोरी, माझा हरेश हितंच बसतो ना?”

मी पाणी दिलं तशी बसली आणि सुरूच झाली. हरेश तिच्या भावाचा मुलगा. आई गेली तेव्हा दोन वर्षांचा होता. हिला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. “पाटीत घालून मिठागरावर न्यायची मी याला. उन्हात रडायचा मेला. अक्षर बघितलंस का गो याचं? मोत्यावानी!” पिशवीतून सुकटीची पुडी काढून तिने टेबलावर ठेवली, तेवढ्यात हरेश आतून आला. तिला बघून जागीच थांबला. मग अध्यक्षांच्या दाराकडे बघून म्हणाला, “बोला बाई, काय काम आहे?”

ती हसली. तिला वाटलं, पोरगा मस्करी करतोय.

तक्रार साधी होती. त्यांच्या खारबांधाला उघाडी आहे, लाकडी दरवाजा. ओहोटीला उघडतो तेव्हा शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला मिटतो तेव्हा खाडीचं पाणी बाहेरच राहतं. तो दरवाजा कुजला होता. खात्याने नवा बसवल्याचं कागदावर दाखवलं आणि प्रत्यक्षात जुन्यालाच डांबर फासलं. दरवाजाला लागून पहिलं शेत गिरजाबाईचं. पावसाळ्यातल्या उधाणाआधी दरवाजा बदला, एवढंच तिचं म्हणणं.

आमच्याकडे फाईलच्या पहिल्या पानावर तपासणाऱ्याने लिहून द्यायचं असतं, तक्रारदाराशी नाते आहे की नाही. तो कागद मी टाइप करत होते. हरेश जवळ येऊन हळूच म्हणाला, “वैशाली, ‘नाही’ टाक.”

“अहो भाऊ, सख्खी आत्या ना ती तुमची?”

“आहे म्हटलं तर फाईल माझ्याकडून काढतील. आपले अध्यक्ष आठ दिवसांत बंद करतील. वर रोह्याला कळेल की माझ्याच घरातून तक्रार गेली, मग ना हरकत आली म्हणायची! माझ्याकडे राहिली तर फाईल जिवंत राहील. एकदा कायम होऊ दे, मग असं लिहितो बघ की रोह्यात पळापळ होईल.”

मला ते पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं. मी ‘नाही’ टाइप केलं, त्याने खाली सही केली. तुम्ही कुठल्या खात्यातून आलात, असा रकाना त्या कागदावर नव्हताच.

गिरजाबाई दर महिन्याला यायची. आधी टमटम, मग एसटी, मग आमचा जिना. बाकावर इतर लोकांत बसायची. मार्चमध्ये हरेशने तिच्याकडे गावनकाशाची प्रत मागितली. एप्रिलमध्ये सांगितलं, फोटोवर तारीख नाही. मे महिन्यात म्हणाला, “आपली तक्रार विचाराधीन आहे, बाई.” सगळं दिवस काढायला. तिला चारचौघांत ‘आत्या’ म्हणायची हिंमत त्याला एकदाही झाली नाही, भडव्याला. जिन्यावर मात्र एकदा तो तिला हाताला धरून उतरवत होता, ते मी बघितलं. खाली पोचल्यावर त्याने पटकन हात सोडला.

जूनमध्ये ती मला म्हणाली, “मना कलतंय गो. नोकरी हाय त्याची. मी काय बोलत नाय कोणाला. पन पोरी, उधाण काय थांबतंय का त्याच्या ऑर्डरीसाठी?”

मी हरेशला तसंच सांगितलं. तो फाईल उघडून बसला, पेन काढलं, आणि तासाभराने फाईल तशीच मिटली. म्हणाला, “पंधरा दिवसांत पत्र येतंय. रोह्याच्या साहेबांनी शब्द दिलाय.”

पत्र आलं नाही. ऑगस्टच्या उधाणाला दरवाजा गेला. खारं पाणी शेतात शिरलं, लावलेला भात दोन दिवसांत पिवळा पडला. गावातली माणसं गोणींत माती भरून बांधाची फुटलेली खांड बुजवायला उतरली आणि ही म्हातारी कंबरभर पाण्यात त्यांच्यासोबत. कुठे पायाला कापलं. आठवड्याने ताप आला, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, लेप्टो. चौथ्या दिवशी गेली.

अग्नी हरेशनेच दिला. दुसरं होतं कोण? ऑफिसात रजेच्या अर्जात लिहिलं, ‘घरगुती कारण’. दहाव्याला त्याने खाडीवर मुंडण केलं, आणि त्याच दुपारी ऑर्डर आली. ना हरकत मिळाली होती. हरेश कायम.

तेरावा उरकून तो कामावर आला तो टोपी घालून. आल्या आल्या फाईल काढली आणि मला म्हणाला, “घे, लिही.” आणि सांगत सुटला. डांबर फासलेला दरवाजा, खोटा दाखला, कुणी सही केली, कुठल्या तारखेला. सात पानं! इतक्या महिन्यांचं सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. मला रडू आलं. म्हटलं, उशिरा का होईना, माणूस जागा झाला.

मोरू ती पानं आत घेऊन गेला. अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. फार गोड बोलतात ते.

“हरेशराव, उत्तम लिहिलंय. पण तक्रारदार मयत आहे. अशी फाईल बंद होते, तुम्हाला ठाऊकच आहे. जवळच्या नातेवाईकाने तीस दिवसांत अर्ज केला तरच पुढे चालते. नवी तक्रार घ्यावी, तर ती कामापासून वर्षाच्या आत लागते, आणि वर्ष उलटलं.”

“अर्ज आहे, साहेब.” हरेशने खिशातून कागद काढला. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मी मयत गिरजाबाई यांचा भाचा.’

अध्यक्षांनी तो सावकाश वाचला. मग फाईलचं पहिलं पान उलटून त्याच्या शेजारी ठेवलं. नाते, नाही. खाली सही.

“ह्यातलं एकच खरं असणार,” ते म्हणाले. “अर्ज खरा असेल तर हे पान खोटं. खोटं लिहून देणाऱ्याला कायम कसं ठेवायचं, सांगा. आणि पान खरं असेल तर ही बाई तुमची कोणी नाही. आजच ठरवू. बरं, टोपी कशाला घातलीय ऑफिसात?”

हरेशने टोपी काढली. तुळतुळीत डोकं, मागे तेवढी शेंडी.

“मुंडण कशाला केलंत?”

खालून टायर ठोकल्याचा आवाज येत होता. बोल, बोल मेल्या, असं मी मनात ओरडत होते.

“तिरुपतीला गेलो होतो, साहेब,” हरेश म्हणाला, आणि टेबलावरचा अर्ज उचलून त्याने परत खिशात घातला.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला ह्यातलं काही माहीत होतं, वैशाली?”

माझा करार त्या महिनाअखेरीला संपत होता. मी म्हटलं, “नाय साहेब.”

“मग झालं तर,” ते म्हणाले. “प्रसाद आणला का, हरेशराव?”

हरेशने मान हलवली. जागेवर येऊन त्याने फाईलवर शेवटची ओळ लिहिली. तक्रारदार मयत, नातेवाईक कोणी नाहीत, फाईल बंद. त्याच्या खणात ती सुकटीची पुडी अजून होती, न उघडलेली. मी ती ओळ टाइप केली, तीन प्रती काढल्या, आणि एक प्रत नियमाप्रमाणे गिरजाबाईच्या पत्त्यावर पाठवली.