गोष्टीतली बाई खोकी विकते

बदलीवाल्यांच्या घरात खोकी टाकून देत नाहीत. फ्रिजचं, टीव्हीचं, मिक्सरचं, सगळी माळ्यावर जपून ठेवायची. नवरा बँकेत. वरून बदलीची विचारणा झाली की तो परस्पर हो म्हणतो आणि मला जेवताना सांगतो. कोलकात्याची बातमीही मला अशीच आमटी वाढताना कळली.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी माझी एक गोष्ट वाचली. गोष्टीतली बाई नवरा ऑफिसला गेल्यावर सगळी खोकी भंगारवाल्याला विकते आणि बराकपूरची लोकल पकडून एकटीच नदीकाठी फिरायला जाते. लिहिताना इतकी रंगले होते की गॅसवरचा भात करपला. वाचताना बायका पोट धरून हसल्या. प्रत्येकीच्या माळ्यावर खोकी होतीच. नवराही हसत होता, पण जरा उशिरा, बाकीच्यांकडे बघून. ते दिसलं आणि पुढचं पान मी कसंबसं उरकलं.

मग मंडळातल्या बायकांचे फोन सुरू झाले. "सगळं ठीक आहे ना गं तुमचं?" एकजण तर पार गार्डन रीचहून ऑटो, बस बदलत डबाभर चकल्या घेऊन आली आणि चप्पल काढायच्या आधी तिने माळ्याकडे पाहिलं. खोकी जागच्या जागी बघून तिचा चक्क विरस झाला. मी भडकले. अगं बाई, गोष्ट आहे ती! पण खरा राग तिच्यावर नव्हताच. गोष्टीतल्या बाईला मी कागदावर पळवलं, टाळ्या घेतल्या, आणि घरी येऊन पुन्हा कुकर लावला, याचा होता.

नवरा मात्र गोष्टीबद्दल अवाक्षर काढेना. मी घरभर भांडी आपटत फिरत होते. आवडली नाही तर तसं म्हण ना! कुठे बसवेना, पुस्तकात लक्ष लागेना.

रविवारी सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "गुवाहाटीचं विचारतायत. मी अजून काही कळवलेलं नाही. तू सांग, हो म्हणू का?"

लग्नानंतर हे पहिल्यांदाच. या एका प्रश्नासाठी मी इतकी वर्षं धुमसत होते. तो कप हातात धरून माझ्याकडे बघत थांबला होता, अगदी मनापासून. आणि मला जायचंय की राहायचंय, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.