आईच्या उंचीचं कपाट

बाबांना नोकरीत मिळालेल्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये एका रविवारी मी टेप घेऊन आईची उंची मोजायला गेले, तर ती हात पुसत सरळ अंगणात निघून गेली. "मले काहून मोजतं वं? मी का आता वाढून राहिली?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला होता. आमच्या गावचा, आसगावचा जुना गोठा मोडला, त्याच्या सागाच्या फळ्या बाबांनी आरा मशीनवरून पाडून आणल्या, आणि स्वयंपाकघराचं कपाट घरीच करायचं ठरलं.

खाली कप्पे, वर काम करायला जाड फळी... सगळं नट-बोल्टवर, क्वार्टर सोडताना खोलून नेता येईल असं. ड्रॉइंग मी केलं. त्यात फक्त एक आकडा रिकामा होता... उंची.

क्वार्टरचा सिमेंटचा ओटा सगळ्यांना एकाच मापाचा. आई बुटकी. पोळ्या लाटताना तिचा उजवा खांदा कानाजवळ जायचा, आणि संध्याकाळी वेणी घालायला तो हात वर होत नसे. ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही... आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

"ओट्याएवढंच कर," बाबा म्हणाले. आईचं वेगळंच. "सुनेच्या मापाचं बनव. उंच पोरगी आली तं बिचारी वाकून वाकून मरन."

भाऊ तेव्हा अकरावीत होता. बाबा हसले, "पोराले अजून मिशी नाही फुटली, अन् इच्या सुनेचं माप ठरलं!"

आई हसली नाही. घरात नवीन भांडं आलं तरी ते पाहुण्यांसाठी, नाहीतर सुनेसाठी म्हणून वर ठेवलं जायचं. स्वतःच्या मापाचं काही करून घ्यायचं असतं, हेच तिला पटत नव्हतं.

मी वाद घातला नाही. अंगणात दोन बाजूंना ओट्याच्या उंचीइतक्या विटा रचल्या, त्यावर फळी टाकली आणि पोळपाट ठेवला. "आई, यावर दोन पोळ्या लाटून दाखव."

तिनं लाटली. खांदा वर. मी फळी उचलून दोन्हीकडची एकेक वीट काढली. "आता लाट."

"सुनेले नाही पुरायचं हे," ती म्हणाली... पण लाटणं थांबलं नाही. खांदा अर्धा खाली आला होता.

बाबा पायरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. "अवं, तुहा खांदा..." ते म्हणाले. इतकी वर्षं त्या ओट्यावरच्या पोळ्या खाल्लेला माणूस.

आईनं पोळी उलटली, वर पीठ भुरभुरलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अजून एक वीट काढ."

ड्रॉइंगमधला आकडा मी त्याच दिवशी भरला. कपाट जोडताना सगळे बोल्ट बाबांनी स्वतः आवळले, मला हात लावू दिला नाही.

काही वर्षांनी वहिनी आली, आणि खरंच उंच निघाली. तिच्यासाठी शेजारी दुसरं कपाट केलं, तिच्या मापाचं... एका स्वयंपाकघरात दोन उंच्या असू शकतात, हे आमच्या घरात तोवर कुणाला सुचलंच नव्हतं.